पिकअप पण, ॲव्हरेज पण!

गोव्याहून येताना चोर्ला घाट हसत चढला पाहिजे आणि कोल्हापूरला जाऊन आलं तरी डिझेलचा काटा हलता कामा नये, एवढीच आम्हा बेळगावकरांची गाडीकडून माफक अपेक्षा. मेस्त्रीही "करूया की ओ, त्यात काय" म्हणून मोकळा होतो.

पहिला बळी चाकांचा. 14 इंची जाऊन 16 इंची अलॉय येतात. दिसतात झकास, पण जड चाक दर सिग्नलला नव्यानं फिरवायचं काम इंजिनाच्या बोकांडी बसतं. त्यात टायरचा एकूण व्यास 5 टक्क्यांनी वाढला, तर गाडी 105 किलोमीटर जाते आणि मीटर 100च लिहितो. पडलेलं ॲव्हरेज हिशेबात आणखी पडतं. मग मालक इंधनाच्या पाइपला लोहचुंबक बांधून घेतो. त्यानं फक्त पाकीट हलकं होतं.

माझा खरा राग थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप) काढणाऱ्यांवर आहे. गाडी तापली की "हे काढून टाकूया" हा ठरलेला इलाज. वास्तविक दोष बहुतेकदा असतो बोअरचं पाणी ओतून क्षार धरलेल्या रेडिएटरचा, नाहीतर झोपलेल्या फॅनचा. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो. तो नसला की आमच्या जुलैच्या पावसात इंजिन कोमटच राहतं. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं गाडी आत्ताच उठलीय. तो जास्तीचं इंधन सोडत बसतो. ऑइलही जाड राहतं. म्हणजे पिकअपही गेलं, ॲव्हरेजही गेलं. मजुरी तेवढी लागली. रेडिएटर धुवा, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा, थर्मोस्टॅट परत बसवा.

रिमॅपिंगला (ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलण्याला) मात्र मी नावं ठेवणार नाही, गाडी टर्बो डिझेल असेल तर. खालच्या आरपीएमला टॉर्क वाढतो, वरच्या गिअरमध्ये गाडी रेटता येते, आणि पाय शहाणा असेल तर ॲव्हरेजही सुधारतं. (पाय शहाणा नसतो.) आधी क्लच बघा: पाचव्या गिअरला 1800 आरपीएमवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, आरपीएम उसळला आणि वेग जागेवरच राहिला, तर क्लच घसरतोय. त्यावर वाढीव टॉर्क टाकला तर प्लेट जळून वास थेट जांबोटीपर्यंत. बिनटर्बो पेट्रोलला रिमॅपचा फायदा नाममात्र.

फुकटातली कामं कुणालाच नको असतात. चाक जॅकवर उचलून न्यूट्रलला हातानं फिरवा. अडखळलं तर बहुधा ब्रेक कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना सुकल्यात. साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. टपावरचा रिकामा कॅरियर उतरवा: 80 वरून 100 वर गेलात की वाऱ्याचा विरोध दीडपटीहून जास्त होतो.

आणि मोजायचं ते फुल टू फुल, त्याच पंपावर, त्याच नोझलला, पहिल्या कटपर्यंत (नोझल आपोआप बंद होईपर्यंत). इथं पंपावरचा पोरगा हमखास विचारणार, "राऊंड माडला, सर?" म्हणजे कानडीत, राऊंड फिगर करू का? हो म्हणायला निघालेली जीभ आवरा, आणि ठणकावून "ब्याड" (नको) म्हणा.