बुऱ्हाणपूर आणि आजीचे वाळे

"पूर्वीची माणसं कसदार खायची म्हणून शंभरी गाठायची" हे जुन्या काळाचं कौतुक करणाऱ्या एका लेखातलं वाक्य मनाला लागलं. आमच्या इंदूरहून चारेक तासांवर बुऱ्हाणपूर आहे. तिथे १६३१ मध्ये मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात गेली. बादशहाची बेगम, दिमतीला हकीम आणि दाया, तरीही! चौदांपैकी सातच मुलं मोठी झाली. मग रयतेच्या लेकीसुनांचं काय होत असेल? आज बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन जवळच्या दवाखान्यातही असतं.

बैठं काम, मैदा, साखर आणि त्यातून वाढलेला मधुमेह, ही लेखकाची तक्रार अगदी रास्त आहे. पण म्हणून जुना काळ सोन्याचा होत नाही हो.

माझ्या आजीच्या देव्हाऱ्यात चांदीचे दोन इवलेसे वाळे असायचे. तिचं पहिलं लेकरू देवीच्या साथीत गेलं, त्याचे. दर शीतळा सप्तमीला ती ते पदराने पुसायची आणि परत ठेवायची, बोलायची मात्र काही नाही. माझ्या दंडावर देवीच्या लशीचा व्रण आहे. माझ्या मुलीला ती लस टोचावीच लागली नाही, कारण १९८० मध्ये हा रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं होतं.