दोन स्की, एक पट्टा आणि फावडं

स्नोमोबिल म्हणजे बर्फावर पळणारी गाडी: पुढे घसरायला दोन स्की, मागे ढकलायला एक रुंद फिरता पट्टा. तिच्या जाहिरातीतला माणूस कायम हवेत असतो. मागे बर्फाचा फवारा, वर निळंशार आकाश, आणि गाडीचा एकही भाग जमिनीला टेकलेला नाही. माझं त्याच्याशी वैर नाही, पण एकदा विचारायचं आहे, की बाबा रे, तू खाली आल्यावर पुढे काय होतं? आमचा सगळा हिवाळा त्या पुढच्या भागातच जातो.

निघण्याआधी कपडे. आत घाम ओढून घेणारा थर, त्यावर ऊब धरणारा, त्यावर वारा-पाणी अडवणारा. मग बूट, हातमोजे, गॉगल, हेल्मेट. हे सगळं चढवून शेवटची चेन गळ्यापर्यंत ओढली की लघवीला लागते. आधी लागत नाही. हेल्मेटच्या आत श्वास घ्यायला परवानगी असते, सोडायला नसते. सोडला की काचेवर वाफ, वाफेचा बर्फ, आणि समोरचं जग दुधाळ. हल्ली विजेवर तापणाऱ्या काचा मिळतात. त्यासाठी गाडीतून एक वायर थेट डोक्याला जोडावी लागते. उतरताना ती काढायची असते, याची आठवण मान करून देते.

मग गाडी सुरू करणं. बटण असतं, पण कडाक्याच्या थंडीत सगळ्यात आधी बॅटरीच गारठते. उरते दोरी. ओढायची, पुन्हा ओढायची, चोक द्यायचा, पुन्हा ओढायची. चोक जास्त झाला की स्पार्क प्लग पेट्रोलने भिजतो. तो काढून पुसायचा तर हातमोजे उतरवावे लागतात, आणि उघड्या बोटांनी थंड लोखंडाला हात लावणं हा या छंदाचा खरा दीक्षाविधी. एवढ्यात इंजिन धडधडतं, टू-स्ट्रोकचा निळा धूर पसरतो, आणि आपल्याला उगाचच वाटतं की आजचा दिवस चांगला जाणार.

वेग वाढवायला इथे मूठ पिळायची नसते, अंगठ्याने एक खटका दाबून धरायचा असतो. संध्याकाळी तो अंगठा सरळ होत नाही. समोरून येणाऱ्यांना आपल्या मागे किती गाड्या आहेत ते बोटांनी दाखवायचं, आणि शेवटच्याने बंद मूठ दाखवायची, असा संकेत आहे. जाड हातमोज्यात सगळ्यांचीच मूठ दिसते, त्यामुळे प्रत्येक जण शेवटचा असतो.

इंजिनाची ताकद मागच्या पट्ट्यापर्यंत पोचवायला दोन क्लचमधून एक रबरी बेल्ट फिरतो. ऑटोमॅटिक स्कूटरमध्ये असतो त्याच तत्त्वाचा, फक्त याच्यावर शंभर-दीडशे अश्वशक्तीचा राग निघतो. तो तापतो, आणि एके दिवशी जळक्या रबराचा वास सोडून चिंध्या होतो. चिंध्या क्लचच्या मागे अशा जागी गुंडाळल्या जातात जिथे माणसाचं बोट पोचू नये याची कारखान्याने काळजी घेतलेली असते. म्हणून जादा बेल्ट सोबत ठेवतात. तो ज्या दिवशी घरी राहतो त्या दिवशी पहिला तुटतो. यंत्राला हे कसं कळतं देव जाणे.

पण खरी गंमत बर्फाचीच आहे. या गाडीला बर्फ नुसता पळायला लागत नाही, जगायला लागतो. बऱ्याच गाड्यांच्या इंजिनातलं गरम पाणी बसायच्या जागेखालच्या पन्हळीत येतं आणि पट्ट्याने उडवलेल्या बर्फाने थंड होतं. पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून सरकतो त्यांनाही वंगण बर्फाचंच. टणक गोठलेल्या तळ्यावर किंवा उघड्या रस्त्यावर बर्फ उडत नाही. मग पाणी तापतं, प्लास्टिक वितळतं, आणि अंगात सात कपडे घातलेला माणूस गाडी थांबवून तिच्यावर हाताने बर्फ टाकत बसतो. यावर उपाय म्हणून बर्फ खरवडून वर उडवणाऱ्या स्प्रिंगच्या काड्या लावतात. म्हणजे बर्फात फिरायला घेतलेल्या गाडीला बर्फ भरवायची वेगळी सोय.

हे झालं बर्फ कमी असताना. जास्त असला की गाडी रुतते. दोनसव्वादोनशे किलोची गाडी भुसभुशीत बर्फात थबकली की मनुष्यस्वभाव खटका आणखी जोरात दाबतो, आणि पट्टा इमानेइतबारे स्वतःसाठी खड्डा खणतो. शहाण्याने तत्काळ खटका सोडून उतरावं. उतरलं की आपण कमरेपर्यंत आत. मग फावडं. पट्ट्याच्या पुढचा बर्फ काढायचा, पायांनी तुडवून वाट घट्ट करायची, स्कीची तोंडं उताराकडे ओढायची. तरी हलली नाही तर गाडी कुशीवर लोळवायची, खड्डा भरायचा, आणि पुन्हा उभी करायची. वाक्यात हे पटकन होतं.

मागे घ्यावी म्हणाल, तर अनेक टू-स्ट्रोक गाड्यांत मागे जायचा गिअरच नसतो. बटण दाबलं की इंजिन मंदावतं, बंद पडल्यासारखं होतं, आणि ऐन वेळी विचार बदलून उलटं फिरायला लागतं. अख्खं इंजिनच उलटं! सरकारी फाइलसुद्धा इतक्या सफाईने उलटी फिरत नाही. मात्र खोल बर्फात त्याने खड्डा मागच्या बाजूलाही वाढतो, एवढंच.

मित्र असतात की मदतीला, असं वाटेल. हिमस्खलनाचा धोका असलेल्या डोंगरात बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाच्या अंगावर हवंच, त्यावर मी थट्टा करणार नाही. तिथला एक पक्का नियम असा की उतारावर एका वेळी एकानेच जावं, आणि कुणी रुतला तर दुसऱ्याने त्याच्याजवळ वर जाऊ नये. जास्तीच्या वजनाने उतारच सुटू शकतो. आमच्या टोळीला हा नियम इतका पटला आहे की ती तो सपाट मैदानातही पाळते. सगळे दूर उभे राहतात आणि ओरडून सल्ले देतात.

राल्फ प्लेस्टेड नावाचा मिनेसोटाचा विमा विकणारा गृहस्थ १९ एप्रिल १९६८ रोजी स्नोमोबिलवरून उत्तर ध्रुवावर पोचला. मला त्याच्याबद्दल आदर आहे, पण जास्त आदर याचा की परत येताना तो विमानाने आला. जोखमीचा धंदा करणारा माणूस असा असतो.

उन्हाळ्यात तरी सुटका असावी, तर तीही नाही. जुनं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत चिकट होऊन बसतं, म्हणून टाकीत ते टिकवायचं औषध घालायचं. इंजिनात तेलाचा फवारा मारायचा, बेल्ट उतरवायचा, पट्टा जमिनीपासून उचलून ठेवायचा. एवढं करून गाडी झाकली की उंदीर राहायला येतात. हवेच्या फिल्टरची पेटी त्यांना विशेष पसंत: कोरडी, अंधारी, आणि आत मऊ स्पंज. हिशेब केला तर वर्षातून माझ्यापेक्षा जास्त दिवस तेच गाडी वापरतात, आणि त्यांना फावडं लागत नाही.

त्यांनी धुराड्यातून शिरू नये म्हणून तिथे तारेचा चोथा कोंबून ठेवतात. तो हिवाळ्यात गाडी सुरू करण्याआधी न विसरता काढावा लागतो, म्हणून मी हँडलला ठळक अक्षरांत चिठ्ठी बांधली होती: ‘आधी चोथा काढ.’ ती चिठ्ठी उंदरांनी खाल्ली.