रशियन ‘ल’ आणि मराठी ‘ल’

भूतकाळी रूपांवरच्या एका लेखात रशियन ‘पिसाल, पिसाला’ (त्याने लिहिलं, तिने लिहिलं) आणि मराठी ‘गेला, गेली’ यांतला ‘ल’ एकच मानलाय, ते पटत नाही. स्लाव्ह भाषांतला (रशियन, चेक, पोलिश वगैरे) ‘ल’ थेट धातूला लागून कर्तरी कृदंत, म्हणजे कर्त्याबद्दल सांगणारं धातुसाधित रूप, बनवतो. आपला ‘ल’ ज्यातून आला तो प्राकृत प्रत्यय ‘इल्ल’ आधीच तयार असलेल्या संस्कृत ‘गत’सारख्या कर्मणी रूपावर चढलाय. म्हणून ‘तिने पत्र लिहिलं’मध्ये क्रियापदाचं लिंग पत्राप्रमाणे ठरतं, ‘अना पिसाला’त (तेच रशियनमध्ये, ‘अना’ म्हणजे ती) लिहिणारीप्रमाणे. जुनं स्लाव्ह रूप होतं ‘पिसाल येस्मि’ (मी लिहिलं), म्हणजे संस्कृत ‘अस्मि’चं (मी आहे) भावंड सोबतीला. रशियनने ते टाकलं, त्यामुळे भूतकाळात लिंग कळतं, पुरुष नाही. चेकने प्रथम-द्वितीय पुरुषात राखलं, पोलिशने कृदंताला चिकटवलं. शिकणारे अडखळतात ते ‘न्योस’पाशी (वाहून नेलं): व्यंजनानंतर पुल्लिंगी ‘ल’ गळालाय, स्त्रीलिंगी ‘निस्ला’त मात्र शाबूत.