दस्त झाला म्हणजे फेरफार झाला नाही

नागपूरच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: महाराष्ट्र डिजिटल सेवेच्या शेवटच्या पायरीवर पोहोचला, दस्त नोंदवला की सातबारावर नाव आपोआप चढतं, एस्टोनियाने केलं तसं आपणही केलं, आता सेतू (अर्ज भरून देणारी केंद्रं) बंद करा.

‘शेवटची पायरी.’ कुणाची? पायरी राज्याची नसते, एकेका सेवेची असते. ई-गव्हर्नन्सचे अभ्यासक लेन आणि ली यांनी 2001 मध्ये चार मांडल्या: माहिती, व्यवहार, एकाच खात्याच्या वरच्या-खालच्या कार्यालयांची जोडणी, शेवटी खात्याखात्यांची. फुकट दिसणारा सातबारा पहिल्या पायरीवर आहे, निव्वळ माहितीपुरता. 15 रुपयांचा डिजिटल स्वाक्षरीचा दुसऱ्या. कायदेशीर कामाला तोच चालतो.

‘नाव आपोआप.’ समजा हिंगण्याकडे शेत घेतलं. दुय्यम निबंधकाकडून दस्ताची माहिती ई-फेरफार या ऑनलाइन प्रणालीमध्ये तलाठ्याच्या (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) लॉगिनला जाते. आपोआप होतं ते एवढंच. पुढे तो फेरफार (मालक बदलल्याची नोंद) घेतो, हितसंबंधितांना नोटीस काढतो, हरकतीसाठी 15 दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हे 15 दिवस सर्व्हर खात नाही, ते जमीन महसूल संहितेच्या कलम 150 चे आहेत. काढून टाका, बहिणींचा हिस्सा परस्पर विकणाऱ्यांचं फावेल. हरकत आली की प्रकरण तक्रारी नोंदवहीत, तिथून सुनावणीच्या तारखा. नोंद अडते ती बहुतेकदा क्षेत्र किंवा नाव दस्तात एक आणि सातबारावर दुसरं असल्यामुळे. चूक हस्तलिखित सातबारा संगणकात भरताना झालेली असेल, तर आधी कलम 155 खाली दुरुस्तीचा आदेश लागतो. म्हणून इसार देण्याआधीच सातबारा, 8-अ (खातेउतारा) आणि जुने फेरफार शेजारी ठेवून गट नंबर, क्षेत्र, नाव ताडून पाहा.

शहरात सिटी सर्व्हे झालेल्या भागात सातबाराऐवजी आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) चालते, ती भूमी अभिलेख खात्याकडे. नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) लीजचा भूखंड असेल तर नामांतर तिथेही करायचं. खात्याखात्यांच्या जोडणीची चौथी पायरी ती हीच, अजून चढायची आहे.

‘एस्टोनियाने केलं.’ केलं, 2001 पासून एक्स-रोडवर, म्हणजे खात्याखात्यांची माहिती जोडणाऱ्या प्रणालीवर. देश तेरा-चौदा लाखांचा. 2011 च्या जनगणनेत नुसतं नागपूर शहर 24 लाखांचं होतं.

‘सेतू बंद करा.’ आपले सरकार पोर्टलवर फोटो 5 ते 20 केबी, कागदपत्रं 75 ते 500 केबी. मोबाईलने काढलेला फोटो काही एमबीचा निघतो, तो चढतच नाही. फार दाबला तर शिक्का वाचता येत नाही आणि अर्ज परत येतो. लोकसेवा हक्क कायद्याने सेवेला घातलेली मुदत परिपूर्ण अर्जापासूनच मोजतात, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. मुदत उलटली तर 30 दिवसांत पहिलं अपील करा. त्यासाठी पोचपावतीचा क्रमांक जपून ठेवा.