दुपारची वीज बंद ठेवून कोकणातले वणवे थांबणार नाहीत

सध्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘अमेरिकेत कॅलिफोर्नियात आगीच्या मोसमात वीज बंदच ठेवतात, म्हणून तिथे जीव वाचतात. कोकणातही फेब्रुवारी ते मे दुपारची वीज बंद करा, वणवे आपोआप थांबतील.’ ज्यांची आंब्या-काजूची बाग तारेच्या ठिणगीने जळाली, त्यांचा संताप रास्तच आहे. पण ही मागणी मान्य झाली तर नुकसान त्यांचंच होईल.

‘मोसमात वीज बंदच ठेवतात.’ नाही. सोसाट्याचा कोरडा वारा, हवेत नावाला ओलावा आणि वाळून खडखडीत झालेलं गवत, हे सगळं एकत्र आलं की तिथे धोक्याच्या भागातल्या लाइन तेवढ्यापुरत्या बंद करतात, शक्यतो आधी कळवून. वारा पडल्यावर लाइन तपासून मगच वीज सोडतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये एकाच वेळी ७ लाखांहून अधिक ग्राहक अंधारात गेले, तेव्हा तिथेही लोक खवळले होते.

‘म्हणून जीव वाचतात.’ यात तथ्य आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये पॅराडाइज हे गाव जळालं, ८५ माणसं गेली. वीजवाहिनीच्या जुनाट टॉवरवरचा, तार धरणारा झिजलेला हूक तुटून ती आग लागली होती. पण २०१९ ची किंकेड आगही पाहा. त्या भागातल्या वितरणाच्या लाइन बंद होत्या, चालू ठेवलेल्या उच्चदाब लाइनवर बिघाड झाला आणि हजारो एकर जळालेच.

‘वणवे आपोआप थांबतील.’ मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. पावसाळ्यात चांगलं गवत फुटेल म्हणून सडा (डोंगरमाथ्यावरचं कातळपठार) पेटवायचा, भाजावळ (पेरणीआधी शेतजमीन भाजणं) करताना राखण ठेवायची नाही, बागेतला पातेरा (वाळका पालापाचोळा) जाळून घरी निघून जायचं, रस्त्याकडेला पेटती विडी टाकायची. आपल्याकडचे बहुतेक वणवे असे माणसाच्या हातून लागतात. त्यांचा विजेशी काय संबंध? शिवाय सड्यावरचं गवत एकदा पेटलं की रात्रीही जळत राहतं.

आणि विझवायचं कशाने? डोंगरउतारावरच्या बागेत अग्निशमनची गाडी चढत नाही. आग पहिल्यांदा अडते ती ओल्या टहाळ्यांनी झोडपून, नाहीतर विहिरीवरचा पंप चालू करून. दुपारी वीजच नसेल तर पंप मुका. नळयोजनेची टाकी कोरडी. मोबाइल टॉवरची बॅटरी उतरली तर शेजारच्या वाडीला हाक मारायचीही सोय नाही.

तारेची आग लागते कशी, तेही नीट समजून घ्या. उन्हाने तारांना झोळ पडतो, वाऱ्यात दोन तारा एकमेकींवर आपटतात आणि वितळलेल्या ॲल्युमिनियमचे थेंब खालच्या वाळल्या गवतावर पडतात. यावरचे उपाय साधे आहेत: झोळ काढणं, दोन तारांमध्ये अंतर राखणारे स्पेसर बसवणं, फांद्या तोडणं, डीपीखालचं आणि लाइनखालचं गवत कापणं. ग्रामसभेत हे लेखी मागा, खांबांच्या फोटोंसकट, गवत वाळण्याआधी. एखाद्या दिवशी खरंच वादळी कोरडा वारा असेल तर तेवढा फीडर (उपकेंद्रातून त्या भागाला वीज नेणारी लाइन) तेवढ्या तासांसाठी जरूर बंद करावा, पण आदल्या दिवशी दवंडी देऊन, म्हणजे लोक टाक्या भरून ठेवतील.