उंबर आम्ही ओढ्यातच ठेवला

गेल्या शनिवार-रविवारी घरचे अकरा जण गावी गेलो होतो. महाड तालुक्यात, काळ नदीच्या खोऱ्यात, डोंगराच्या पोटाशी आमची वाडी. काकांचा फोन आला होता, ‘पावसात झाडं पडल्यात, वाट बंद हाय. या आन् हात लावा.’ मुलं गळ टाकायला मिळणार म्हणून तयार झाली.

शनिवार सगळा लाकडात गेला. आमच्या शेताच्या वाटेवर एक ऐन आणि एक किंजळ आडवी पडली होती. ऐनाची एका अंगाची मुळं आधीच तुटलेली. रस्ता रुंद करताना जेसीबीने तिथला बांध कापला होता, त्याचं मरण तेव्हाच ठरलं. दोन्ही टोकं टेकलेला ओंडका वरून कापत गेलं की फट मिटते आणि करवत आत अडकते. माझी अडकलीच. काकांनी पाचर ठोकून ती सोडवली आणि उरलेला काप खालून घेतला. बारा वर्षांच्या पुतणीने दिवसभर फांद्या ओढून मोळ्या बांधल्या, एकदाही कुरकुर नाही. पुढे वनखात्याच्या हद्दीतही एक झाड पडलंय. त्याला हात लावला नाही, वनरक्षकांना कळवलं.

संध्याकाळी ओढ्यात पडलेल्या उंबराला दोरखंड बांधायला निघालो, तर काकांनी थांबवलं. ‘त्यो ऱ्हाऊ दे. माशांचं घर हाय ते.’

रविवारी ते डोळ्यांनी पाहिलं. खोडाला पालापाचोळा अडकला होता आणि खालची वाळू पाण्याने खरवडून कमरेएवढा डोह झाला होता. कुजणाऱ्या पाल्यात किडे, अळ्या, झिंगे. त्यांच्या मागोमाग मासे. वर उघड्या कातळावर तासभर बसून हाती काही लागलं नव्हतं; इथे गांडूळ लावून गळ सोडला आणि जेवणाआधी तीन शिंगट्या आणि एक वाम निघाली. पोरांनी पालथं पडून खडकाला चिकटलेले मळ्ये मासे पाहिले. जेवढं लागलं तेवढं घेतलं आणि गळ गुंडाळले.

म्हणून मला कळकळीने सांगायचंय, ओढे ‘साफ’ करण्याची जी घाई सुटली आहे ती थांबवा. लोकांची भीती मला समजते. 22 जुलै 2021 ला तळीयेने दरडीत आणि महाडने पुरात जे सोसलं ते आमच्यापैकी कोणीच विसरलेलं नाही. मोरीला, साकवाला अडकलेलं झाड काढायलाच हवं, नाहीतर पाणी तुंबून घरात शिरेल. पण वस्तीपासून लांब, डोंगरातल्या ओढ्यातला प्रत्येक ओंडका उचलून, दगड बाजूला सारून त्याचं सरळ गटार केलं, तर उन्हाळ्यात त्यात पाणी थांबायचं कुठे आणि मासा दडायचा कुठे?

आणि चढणीच्या माशांचं तर त्याहून वाईट चाललंय. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी उतरलं की मासे अंडी घालायला उलटे वर चढतात. समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ती ह्याच कारणासाठी. आमच्या ओढ्यांत मात्र त्याच दिवसांत पोती भरतात. कालवणापुरते चार मासे आमच्या आजोबांनीही धरले असतील, मी नाकारत नाही. पण आता अख्ख्या ओढ्याला जाळं आडवं लावतात. उन्हाळ्यात डोहात ब्लीचिंग पावडर टाकतात. त्यात बोटाएवढं पिल्लूसुद्धा वाचत नाही, आणि तेच पाणी खाली गुरं पितात. हे मासे मारणं नव्हे, ओढा मारणं आहे.

आपल्याच तालुक्यात वाळणकोंड आहे. वरदायिनीच्या डोहातला खडस कोणी धरत नाही, देवीचा मासा म्हणून. म्हणून तिथे हाताएवढाले मासे कुरमुरे टाकले की वर येतात. तिथे कुणी पहारेकरी लागला नाही. आपल्या वाडीला एक डोह तरी असा राखता येणार नाही का? उंबराखालचा घ्या. गावकीच्या पुढच्या बैठकीत मी हे मांडणार आहे, मुंबई-पुण्याच्या मंडळींनी त्या दिवशी गावी या.

येताना करवती आणा. किंजळीचा अर्धा ओंडका अजून वाटेवरच आहे.