छोट्या जलपरीचं लग्न झालंच नाही

हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या गोष्टीत शेवटी जलपरीचं राजपुत्राशी लग्न होतं, असा संदेश सध्या फिरतोय. ते चूक आहे. तो गोड शेवट डिस्नेच्या १९८९ च्या चित्रपटातला. १८३७ साली छापलेल्या मूळ डॅनिश कथेत चेटकीण पायांच्या बदल्यात तिची जीभच कापून घेते. पाय मिळतात, पण प्रत्येक पाऊल सुरीच्या धारेवर पडल्यासारखं दुखतं. राजपुत्र लग्न करतो ते दुसरीशी, आणि तसं झालं तर तिने मरून समुद्राचा फेस व्हायचं, ही चेटकिणीची अट. बहिणी स्वतःचे केस देऊन सुरी आणतात: त्याला मार, तू वाचशील. झोपलेल्या त्याच्याकडे बघून ती सुरी लाटांत भिरकावते, पाठोपाठ स्वतःही उडी घेते. आणि हो, ‘फेस होऊन संपली’ हेही अर्धवटच. ती हवेच्या कन्यांमध्ये सामील होते. ३०० वर्षांच्या सत्कृत्यांनी तिला अमर आत्मा मिळू शकतो. मला हाच शेवट प्रिय आहे.